कुड, कौल, पत्रा, स्लॅब : खोपोलीच्या शिळफाट्याभोवतीच्या घरांचा इतिहास (थ्रेड)

१/ शिळफाटा म्हटले की बऱ्याच जणांना मुंब्र्याजवळचा शिळफाटा आठवतो. हा थ्रेड खोपोलीच्या शिळफाट्याविषयी आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. इथून खालापूर-कर्जतच्या गावांत हिंडू लागलात तर कारवीच्या कुडाची झोपडी, मंगलोरी कौलांचे घर, पत्र्याची खोली, स्लॅबचा बंगला आणि काचेच्या भिंतींचे फार्महाऊस एकाच दिवशी पाहता येते. यातले कोणते घर कोणी निवडले आणि का, हा आजचा विषय.

२/ नेहमीचे उत्तर असे की, हाती पैसा आला, लोकांनी शहराची नक्कल केली आणि माती सोडून सिमेंट धरले. हे उत्तर अपुरे आहे आणि थोडे उद्धटही. घरमालकाच्या आवडीमागे तीन हिशेब असतात. घर टिकवायला दरवर्षी किती राबावे लागते? साहित्य दारापर्यंत येते कसे? आणि सरकारी कागद त्या घराला काय म्हणतो? तिन्ही हिशेब काळाबरोबर बदलत गेले. क्रमाने पाहू.

३/ आधी पाऊस. घाटपायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथेरानच्या माथ्यावर त्याहूनही कितीतरी जास्त. अशा मुलखात भिंतीचे पहिले काम भार पेलणे हे नसते, ओल सोसणे हे असते. म्हणून इथल्या जुन्या घरात महत्त्वाचे होते ते छप्पर : उतरते, पुढे झुकलेले, पागोळ्या भिंतीपासून दूर टाकणारे. भिंत त्याच्या आडोशाला उभी राही.

४/ ती भिंत म्हणजे कुड. उंच जोते, त्यावर लाकडी मेढी, मेढींच्या मध्ये कारवीच्या काठ्या शेजारी-शेजारी उभ्या, त्या बांबूच्या कांबींनी आवळलेल्या आणि वर दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप. छपरावर गवत किंवा भाताचा पेंढा. कारवी हे सह्याद्रीच्या उतारावरचे झुडूप. सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि मग वाळते. तिची काठी सरळ आणि हलकी असते. दोन माणसे डोंगरावरून तिचे भारे सहज खाली आणतात.

५/ या घराचे गुण खरे होते. साहित्य जवळचे, खर्च नाममात्र, बांधायला गवंडी नको. भावकी आणि शेजारी मिळून ते उभे करीत. भिंतीतून वारा खेळे. दोषही तितकेच खरे : वाळवी, उंदीर, विंचू आणि चुलीची एक ठिणगी. प्रत्येक उन्हाळ्यात छपराची शाकारणी करायची, पावसाने धुतलेला कुड पुन्हा लिंपायचा, जमीन दर आठवड्याला सारवायची.

६/ शेवटच्या वाक्यात एक हिशेब दडलेला आहे. शाकारणी बहुधा पुरुष करीत. लिंपणे आणि सारवणे बायकांकडे. शेण गोळा करणे, माती आणणे, ती मळणे हेही त्यांच्याकडेच. मातीचे घर स्वस्त ठरते ते या श्रमांची किंमत शून्य धरली तरच. ‘लादी बसवा, भिंतीला सिमेंट लावा’ हा आग्रह अनेक घरांत प्रथम बाईने धरला असेल तर त्यात नक्कल कसली? ती राबणुकीतून सुटका आहे.

७/ मग दगड? काळा पाषाण तर पावलोपावली आहे. खोपोलीतच नाना फडणविसांनी बांधलेले वीरेश्वराचे मंदिर आणि तलाव अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील दगडकामाची साक्ष देत उभे आहेत. म्हणजे दगड होता, कारागिरीही होती. तरी सामान्य माणसाच्या घरात दगड जोत्याच्या वर क्वचितच चढला.

८/ कारण दगड फुकट असला तरी त्याची घडाई फुकट नसते. बेसाल्ट कठीण, तो फोडायला, ताशायला वडार आणि पाथरवट लागत. सांधायला चुना हवा, तो भाजायला शिंपले किंवा चुनखडी आणि भरपूर सरपण हवे. पेशव्यांच्या कारभाऱ्याला ते परवडले. भात पिकवणाऱ्या कुळाला जोते दगडाचे आणि वर कुड, हीच तडजोड परवडे.

९/ आता वाट. १८३० मध्ये बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली आणि १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग सुरू होऊन मुंबई-पुणे सलग जोडले गेले. घाटपायथ्याची गावे आता बंदरावर उतरणाऱ्या मालाच्या टप्प्यात आली. यानंतर इथल्या घरातले प्रत्येक नवे साहित्य कोणत्या ना कोणत्या रस्त्याने आलेले दिसते.

१०/ त्यातले पहिले मोठे साहित्य म्हणजे मंगलोरी कौल. १८६५ मध्ये बासल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरला यंत्रावर कौले बनवण्याचा कारखाना काढला. ती कौले जहाजांनी मुंबईस येऊ लागली आणि तेथून आत पसरली. गावच्या कुंभाराचे नळीचे कौल लहान आणि सुटे. माकड-मांजर चालले की सरके, दरवर्षी चाळावे लागे. मंगलोरी कौल एकमेकांत अडकते. शाकारणीचा व्याप एकदम कमी झाला. परदेशी म्हणून ते कोणी नाकारले नाही. आज तर तेच ‘आपले पारंपरिक कौल’ झाले आहे.

११/ याच काळात दुसरे दार बंद होत होते. १८७८ च्या वनकायद्याने, आणि पुढे १९२७ च्या कायद्याने, राखीव जंगलातून लाकूड, बांबू, गवत आणणे हा परवानगीचा विषय झाला. मेढ, वासा, कारवी, पेंढ्याखालचा बांबू, म्हणजे घराचा बहुतेक सगळा सांगाडा वनरक्षकाच्या मर्जीवर आला. २५ सप्टेंबर १९३० रोजी याच जिल्ह्यातील उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, तो या दीर्घ असंतोषातूनच.

१२/ घरबांधणीच्या इतिहासात ही बाब सहसा येत नाही. ‘लोकांनी स्थानिक साहित्य सोडले’ असे आपण लिहितो. स्थानिक साहित्य लोकांच्या हातून काढून घेतले गेले, हे लिहायचे राहते. जंगलातला वासा आणणे गुन्हा आणि बाजारातला पत्रा आणणे कायदेशीर असेल, तर माणूस पत्रा आणतो. हे माझे अनुमान आहे. पण वनकायद्याचा काळ आणि कौल-पत्र्याच्या प्रसाराचा काळ शेजारी ठेवून पाहा.

१३/ तिसरा हिशेब कागदाचा. वसाहतकाळापासून सरकारी नोंदींत घरांची प्रतवारी भिंतीच्या आणि छपराच्या साहित्यावरून होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या जनगणनेत घरयादी करताना हे साहित्य नोंदले गेले. पक्के, अर्धपक्के, कच्चे हे शब्द कारकुनाच्या वहीतून लोकांच्या तोंडी बसले. ग्रामपंचायतीची घरपट्टीही बांधकामाच्या प्रकारावर ठरते. एकदा ‘कच्चे’ लिहिले की ते घर तात्पुरते, आणि पर्यायाने त्यात राहणारा माणूसही तात्पुरता.

१४/ ही प्रतवारी किती सापेक्ष आहे, हे आसामकडे पाहिले की कळते. १२ जून १८९७ च्या प्रचंड भूकंपात तिथल्या दगड-विटांच्या इमारती कोसळल्या. त्यानंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी लाकडी सांगाडा, त्यात इकरा या बोरूसारख्या गवताची भिंत, तिच्यावर लेप आणि वर पत्रा, असे हलके घर स्वीकारले. ‘आसाम पद्धतीचे घर’ म्हणून ते बंगले, शाळा, कचेऱ्यांपर्यंत पोचले. तत्त्व आपल्या कुडाचेच. तिथे ते साहेबाचे घर झाले, इथे कच्चे राहिले.

१५/ आता सिमेंट. १९१४ पासून पोरबंदरला सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी स्थापन झाली. सिमेंट विकायचे तर घर कसे असावे हेही शिकवावे लागते. पुण्याचे अभियंता आर. एस. देशपांडे यांची ‘रेसिडेन्शियल बिल्डिंग्ज सूटेड टु इंडिया’ (१९३१) आणि ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ (१९३९) ही पुस्तके त्याच काळातली. घर बांधू पाहणाऱ्या मध्यमवर्गीयाला उजेड, हवा, मोरी, संडास, खर्च यांचा विचार नकाशांसह सांगणारा हा लेखक. नव्या घराची भाषा मराठी मुलखात अशी घडत होती.

१६/ खोपोलीत हा बदल पुस्तकांपेक्षा कारखान्यांनी घडवला. १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र इथे सुरू झाले. साठच्या दशकात महिंद्रा युजिनसारखे पोलाद कारखाने आले. शेतकऱ्याचा मुलगा पाळीवर जाऊ लागला. शेतीच्या वर्षात उन्हाळा हा घर शाकारण्याचा मोकळा काळ असतो. पाळीच्या वर्षात तो नसतो. हाती दरमहा रोख पगार, पण छपरावर चढायला वेळ नाही. एकदाच खर्च करून वर्षानुवर्षे पाहावे लागू नये असे छप्पर त्याला हवे होते. स्लॅबची ओढ इथून सुरू होते.

१७/ हवे म्हणून मिळत मात्र नव्हते. दुसऱ्या महायुद्धापासून सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. मधली दोन वर्षे सोडली तर ते चार दशके चालले. परमिटाशिवाय पोते नाही. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचे ‘रायगड’ असे नामकरण ज्यांच्या कारकिर्दीत झाले, त्या याच जिल्ह्याच्या अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये, सिमेंट-वाटपाच्या प्रकरणी उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. एका पोत्याला तेव्हा किती मोल होते, हे यावरून कळावे.

१८/ फेब्रुवारी १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठले, मार्च १९८९ मध्ये पूर्णतः. परमिट काढणाऱ्या पिढीला सिमेंट म्हणजे प्रतिष्ठा वाटली. पुढच्या पिढीला ते किराणा मालासारखे मिळू लागले. नाक्यानाक्यावर सिमेंट-सळईची दुकाने उभी राहिली ती यानंतर. गावातला सुतार मागे पडला आणि सेंट्रिंगवाला पुढे आला.

१९/ स्लॅबचे आणखी एक कारण घरात शिरल्याशिवाय दिसत नाही. इथल्या बहुतेक स्लॅबवर कोपऱ्यांतून सळया वर सोडलेल्या असतात. बाहेरच्या माणसाला ते अर्धवट काम वाटते. वास्तविक तो वारसाहक्काचा आराखडा असतो : खाली थोरला, वर धाकटा. गावठाण वाढत नाही, भाऊ वाढतात. कौलारू घर आडवे वाढते, त्याला जागा लागते. स्लॅब उभा वाढतो. जमीन तुटपुंजी झाली तेव्हा सळई हीच वाटणीची सोय झाली.

२०/ ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने मातीवरचा उरलासुरला विश्वास घालवला. सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेक जण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचा मातीचा जड धाबा अंगावर पडून. धडा होता जड आणि न सांधलेल्या बांधकामाविषयी. लोकांनी, आणि यंत्रणेनेही, त्याचा अर्थ ‘माती वाईट’ असा घेतला. कारवीचा कुड दगडी भिंतीसारखा जड नसतो. पण शिक्का दोघांवर एकच बसला.

२१/ स्लॅबनेही सगळे प्रश्न सोडवले नाहीत. उन्हाळ्यात तो तापतो, आणि इतक्या पावसात सपाट छप्पर गळू लागते. म्हणून आता खालापूर-कर्जतमध्ये स्लॅबवर लोखंडी खांब रोवून उतरत्या पत्र्याचे दुसरे छप्पर चढवलेले दिसते. थोडक्यात, शंभर वर्षांनी आपण पुन्हा उतरत्या छपराशी आलो, फक्त खाली एक स्लॅब जास्त. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडभर पत्रे उडवले, तेव्हा हलक्या छपराची दुसरी बाजूही दिसली.

२२/ इथपर्यंत आपण निवड करू शकणाऱ्यांविषयी बोललो. आता वीट कोण पाडतो ते पाहू. या भागातील कातकरी हा आदिवासी समाज पूर्वी खैराच्या झाडापासून कात काढीत असे, नाव त्यावरूनच. जंगल बंद झाले तसा तो व्यवसाय गेला. मग ठेकेदारांसाठी कोळसा पाडणे आले, तेही संपले. आज असंख्य कातकरी कुटुंबांचे वर्षातले सहा-सात महिने वीटभट्टीवर जातात.

२३/ दिवाळीनंतर कुटुंब वाडी सोडते, पावसाच्या तोंडावर परतते. त्याआधी पावसाळ्यात, हाताला काम नसताना, भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते. ती विटा पाडून फेडायची. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे, पण उचलीचा फास नेमका कुठे संपतो आणि वेठ कुठे सुरू होते, हे प्रत्यक्षात सांगणे कठीण असते. भट्टीजवळ राहायला काय? कच्च्या विटा रचून, वर प्लॅस्टिक किंवा पेंढा टाकून केलेले खोपटे. हंगामात हजारो विटा पाडणाऱ्या कुटुंबाची वाडीतली भिंत कुडाचीच राहते.

२४/ ‘मग घरकुल योजना आहेत ना?’ आहेत. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना आली; २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण), सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर. कातकरींसारख्या विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठी २०२३ मध्ये पीएम-जनमन आली. पण घरकुलाला जागा लागते, आणि अनेक कातकरी वाड्यांखालची जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याच्याच नावे आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही मालकी नाही. अशा ठिकाणी कुडाचे घर ही परंपरेची आवड नसते. पक्के बांधायला गेले तर जमीनमालक हरकत घेईल, याची ती भीती असते.

२५/ जागा असली तरी वाट हवी. डोंगरावरच्या वाडीत वाळू, सिमेंट, सळई डोक्यावरून न्यावी लागते. रस्त्याकडेच्या गावात पुरणारी रक्कम तिथे वाहतुकीतच सरते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतपथके पायी चढून गेली, यंत्रे वर पोचू शकली नाहीत. २७ मृतदेह सापडले, ५७ जण ढिगाऱ्यातच राहिले.

२६/ इर्शाळवाडीचा दोष भिंतीच्या साहित्याचा नव्हता. तेवढी दरड अंगावर आल्यावर कुड काय आणि काँक्रीट काय. पण कच्चे-पक्के या वादात आपण घराखालच्या जमिनीचा प्रश्न किती मागे टाकला, हे त्या रात्री दिसले. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे सरकारनेच सांगितले. भिंतीची नोंद ठेवणाऱ्या कागदात उताराची नोंद नव्हती.

२७/ याच तालुक्यांत दुसरी गोष्टही घडते आहे. २००२ पासून द्रुतगती मार्ग पूर्ण वापरात आला आणि कर्जत-खालापूर मुंबई-पुण्याच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आले. फार्महाऊस बांधणाऱ्याला आता मातीचा लेप, जुन्या वाड्याचे सागवानी खांब, दक्षिण कोकणातला जांभा, कौलारू पडवी हवी असते. त्यात गैर काही नाही. उलट काही जुनी कौशल्ये त्यामुळे टिकतील. पण त्याच्या मातीच्या भिंतीमागे काँक्रीटचा सांगाडा असतो, सारवायला पगारी माणूस असतो आणि सातबाऱ्यावर नाव असते.

२८/ भिंत एकच, कुडाची. डोंगरावर ती कच्चे घर म्हणून मोजली जाते, पायथ्याला पर्यावरणस्नेही वास्तू म्हणून मिरवते. फरक साहित्यात नाही. ती भिंत नको असेल तर दुसरी बांधता येईल का, यात आहे. ‘पक्के’ या शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच : पायाखाली स्वतःच्या नावाची आणि सुरक्षित जमीन, दारापर्यंत वाट, आणि भिंत कशाची असावी हे ठरवण्याचा अधिकार. मग ती कारवीची असो वा सिमेंटची.

२९/ थ्रेड इथे संपतो. तुमच्या घरी सिमेंटचे जुने परमिट, घरपट्टीच्या पावत्या, कौलांवरचे कारखान्याचे शिक्के किंवा शाकारणीचे फोटो असतील तर जपून ठेवा आणि खाली जरूर दाखवा. आणि घरातल्या वयस्कर बायकांना एकदा विचारा : सारवण कधी बंद झाले, आणि त्या दिवशी त्यांना काय वाटले? घरांच्या इतिहासातले हे पान आपल्याकडे अजून लिहायचे आहे.